काचांखालची विहीर

आष्टी

वाळ्याची मुळं सुकू द्यायची नसतात. म्हणून चिपळूणहून निघतानाच मी त्याचे ठोंब ओल्या गोणपाटात बांधून घेतले होते आणि वाटेत जिथे नळ दिसेल तिथे उतरून त्यांच्यावर पाणी मारत होते. परिणाम असा झाला, की आष्टी जवळ आली तेव्हा एसटीत शेजारी बसलेल्या गृहस्थांची सीटखालची ज्वारीच्या बियाण्याची पिशवी पार भिजली होती. त्यांनी पिशवी दाबून पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. मी माफी मागायच्या तयारीत होते.

"पेरायचंच हाय," ते म्हणाले. "पानी जरा आदी लागलं, येवढंच."

मग त्यांनी कुठे निघालात म्हणून विचारलं. हिवरदरा म्हटल्यावर त्यांचा चेहरा बदलला. "तिथं आता कोन भेटायचं तुमाला? दसरा झाला की गाव ऊसतोडीला जातंय. मागं राहत्यात ती म्हातारी मान्सं आन त्या काचा."

कोकणात माझी लहानशी रोपवाटिका आहे. बीड जिल्ह्यात मी पहिल्यांदाच चालले होते. पाटोद्याच्या पुढे, बालाघाटाच्या डोंगरात हिवरदरा आहे, आणि गावावरच्या टेकडीवर सौरऊर्जेचा प्रकल्प झाला आहे. पाऊस पडला की पाणी काचांवरून घसरतं आणि प्रत्येक ओळीखाली एकाच रेषेत धो धो पडतं. ती रेष आधी ओरखड्यासारखी असते, मग तिची घळ होते. टेकडीची माती आणि मुरूम खालच्या शेतांत जाऊन बसायला लागला तेव्हा गावातल्या बायकांच्या गटाने कंपनीकडून काम मागून घेतलं: टेकडीवर आडवे चर खणायचे, दगडी बांध घालायचे आणि बांधांवर वाळा लावायचा. वाळ्याची मुळं सरळ खाली जातात, माती शिवून ठेवतात. गटाच्या प्रमुख शोभाने फोनवर रोपं मागवली तेव्हा मीच म्हटलं, पार्सलने नको, मी घेऊन येते आणि लावून दाखवते. परतीचा पाऊस संपायच्या आत रोपं जमिनीत गेली पाहिजेत, एवढीच घाई होती.

पाटोद्याहून जीप मिळाली. समोरून ट्रॅक्टर येत होते, एकामागे दोन-दोन ट्रॉल्या लावलेले. त्यांत बांबूच्या चटया, पत्र्याच्या पेट्या, टोपलीखाली कोंबड्या, बाजल्यावर मुलं. बायका तोंडाला पदर लावून बसलेल्या. गणपतीला, शिमग्याला मुंबईकरांनी भरलेल्या गाड्या गावाकडे येताना मी जन्मभर पाहिल्या आहेत. सण संपल्यावर घरंच्या घरं ट्रॉलीत भरून निघालेली मी पहिल्यांदा पाहत होते.

चढ संपला आणि डोंगराच्या खोबणीत मला भलंमोठं तळं दिसलं. ऊन उतरलं होतं, पाणी निळसर चमकत होतं, आणि वर बगळ्यांची एक माळ त्याच्या दिशेने खाली येत होती. मी ड्रायव्हरला म्हटलं, एवढं पाणी आहे तुमच्याकडे?

"पानी न्हाई बाई ते," तो म्हणाला. "काचा हायत. पाखरंबी फसत्यात."

बगळे खाली उतरले. मग घाबरून, पाय आखडून, पुन्हा वर उठले. एक उठला नाही. तो काचेवर उभा राहून खालच्या स्वतःकडेच मान वाकडी करून बघत होता. आम्ही वळण घेतलं तोवर तो तसाच होता.

हिवरदरा

शोभा पाराजवळ उभी होती. चाळिशीची, काटक, पायात पुरुषी बूट. वर्षानुवर्षं कोयता चालवलेल्या माणसाचे हात. दोन्ही गोणपाटं तिने एकदम उचलली आणि चालायला लागली.

गावात दारांना कुलपं होती. ज्यांना कुलूप परवडत नव्हतं त्यांनी दारात बाभळीची फांदी आडवी लावली होती. एका अंगणात दोरीवर लहान मुलाचा सदरा वाळत राहून गेला होता. आमच्याकडे संध्याकाळी इतके किडे ओरडतात की बोलताना आवाज चढवावा लागतो. इथे मला माझ्या चपला ऐकू येत होत्या. तेवढ्यात टेकडीवरून एक लांब करकर आली आणि थांबली. मी दचकले.

"काचा वळल्या," शोभा म्हणाली. "दिवसभर सूर्यामागं फिरत्यात. आता आडव्या होतील. सवय होईल मग."

तिच्या घराच्या ओट्यावर एक म्हातारी बसली होती. पाठ ताठ, डोळे स्वच्छ. दोन्ही तळहात तिने ओट्याच्या फरशीवर टेकवले होते, कुणी दार उघडेल म्हणून दाराला हात लावून थांबावं तसे. या शोभाच्या सासूबाई, कौसाबाई. मी नमस्कार केला. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, "तुमच्याकडं हिरी लई खोल असत्यात का?"

मी म्हटलं, नाही, आमच्याकडे थोडं खणलं की पाणी लागतं. आमच्या घरची विहीर वाकून तांब्या बुडवण्याइतकी आहे.

"मंग मान्सं आत जात नसतील," त्या म्हणाल्या.

शोभाने लगेच मला आत बोलावलं. जेवण चुलीपुढेच झालं. बाजरीची भाकरी, येसर आमटी, आणि वाडग्यात गरम माडगं. माडग्याचा पहिला घोट घेतला आणि मला हसू आलं; हा आमचाच कुळीथ, इथे हुलगा म्हणतात. मी तसं सांगितल्यावर शोभाही हसली. शेवटी तिने टेकडीवरची सीताफळं फोडली. काळ्या गुळगुळीत बिया ती नखाने बाजूला सारत होती. बाहेर कौसाबाई ओट्यावरच होत्या. हात अजून फरशीवरच.

टेकडीवर

सकाळी बायकांबरोबर मी वर गेले. फाटकाशी केदार भेटला. हा वर्ध्याकडचा तरुण इंजिनिअर, पत्र्याच्या केबिनमध्ये एकटा राहणारा. बोलायला माणूस मिळाल्याचा आनंद त्याला लपवता येत नव्हता. ओळींमधून मला हिंडवत त्याने सगळं दाखवलं. काचांखाली सावली होती, सावलीत मेंढ्या चरत होत्या, आणि मधूनमधून सगळ्या ओळी किंचित वळायच्या. टेकडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत करकर धावायची आणि विरायची. झोपलेल्या माणसाने कूस बदलावी तसं वाटायचं. मेंढ्यांना त्याचं काही नव्हतं. मी मात्र प्रत्येक वेळी थांबत होते.

काम चांगलं चाललं होतं. पांढऱ्या फक्कीने आखलेल्या रेषेवर बायका चर खणत होत्या आणि निघालेली माती खालच्या अंगाला भरत होत्या. मी ठोंब सोडवून, शेंडा छाटून, कसे जवळजवळ लावायचे ते दाखवलं. मुळांचा वास हाताला लागला तशी एकजण म्हणाली, "देवळातल्यावानी वास हाय." टेकडीच्या मध्यावर पोचलो तेव्हा मात्र चर अचानक तुटलेला दिसला. पलीकडून तो पुन्हा सुरू होत होता. मधल्या मोकळ्या तुकड्यावर, काचेच्या सावलीत, कौसाबाई बसल्या होत्या. हात जमिनीवर.

"त्या रोज येतात," केदार हळू आवाजात म्हणाला. "आधी पहारेकरी आत सोडायचा नाही, तर कुंपणाला टेकून बसायच्या. मग मीच म्हटलं, येऊ दे. आता ऊन डोक्यावर आलं की येतात. सगळे जेवायला जातात तेव्हा."

कोकणात भर दुपारी तिठ्यावर कुणी उभं राहत नाही. राखणदाराची वेळ असते म्हणतात. इथेही बायका बारा वाजायच्या आत भाकरी घेऊन फाटकाजवळ गेल्या. कौसाबाईंपासून थोडं लांब मी आणि शोभाच मागे उरलो. भाकरीवर ठेचा ठेवत तिने मला सांगितलं ते असं.

तिच्या नवऱ्याचं नाव तिने घेतलं नाही, "मालक" म्हणाली. दोघं लग्नापासून तोडीला जायची. एका वर्षी ती पोटुशी होती आणि मालक म्हणाले, औंदा जायचं न्हाई, हीर खांदू, पानी लागलं तर कायमचं सुटू. ही टेकडी तेव्हा त्यांच्या भावकीची पडीक जमीन होती. त्यांनी खणायला घेतलं. खोल गेले, मुरूम लागला, मग खडक, मग पुन्हा मुरूम. पाणी नव्हतं. एका दुपारी इतर जण जेवायला वर आले. मालक म्हणाले, एवढी पाटी भरतो आणि येतो. कडा ढासळला. वरच्यांनी उकरायला घेतलं तर पुन्हा ढासळला, आणि मग तालुक्याहून माणसं आली तेव्हाही ढासळला. विहीर कुणालाच खाली उतरू देईना. शेवटी सगळ्यांनी मिळून माती आत लोटली. पोटातलं मूलही राहिलं नाही.

"पुढं जमीन कंपनीला दिली भाड्यानं. मशिनी आल्या, सपाट केलं समदं. हिरीजवळ एक लिंब होता, तो गेला. आता कुनी म्हनतंय हीर वर हुती, कुनी म्हनतंय खाली. ह्या म्हनत्यात इथंच हाय. म्हनत्यात, खालून वाजवतोय."

"काय वाजवतोय?"

"टकटक करतोय म्हनत्यात." तिने भाकरीचा तुकडा तसाच खाली ठेवला. "ताई, हा चर जोडला न्हाई तर समदं पानी या खिंडारातनं खाली जातंय. मागच्या पावसात खालचा बांध फुटला. कापूस गेला दोन घरांचा. तोडीला न जाता ज्या मागं राहिल्यात त्या माझ्या भरवशावर राहिल्यात. म्या कुनाकुनाला सांगू, सासूला जमिनीतनं ऐकू येतंय म्हनून?"

दक्षिणेला ढग जमायला लागले होते.

आवाज

केदारचं म्हणणं साधं होतं. काचा फिरवणाऱ्या मोटरी खांबांना जोडलेल्या आहेत आणि खांब जमिनीत गेले आहेत. मोटर चालली की जमिनीत आवाज जाणारच. तो कौसाबाईंशी कधी वाद घालत नसे. पण चराचं काम अडल्याचं त्यालाही दिसत होतं. दुपारनंतर तो म्हणाला, "आजी, मी या बाजूच्या सगळ्या मोटरी बंद करतो. मग ऐकू आलं नाही तर काम करू द्याल?"

कौसाबाई म्हणाल्या, "कर बंद."

तो केबिनकडे गेला. थोड्या वेळाने त्या भागातली गुणगुण थांबली. आपण इतका वेळ काही ऐकत होतो हे ती थांबल्यावर मला कळलं. केदार परत येऊन उभा राहिला. बायका लांब, चराच्या टोकाशी थांबल्या होत्या. शोभा त्यांच्यात होती, हातात टिकाव.

"या," कौसाबाई मला म्हणाल्या. "तुमी बाहेरच्या हाईत. तुमी सांगा. कान नगा लावू लगेच, आदी हात लावा."

मी बसले. जमीन दुपारच्या मानाने गार होती. बराच वेळ काही नाही. मग तळहाताला काहीतरी लागलं, आतल्या बाजूने, अगदी हलकं. मी खाली वाकून कान टेकवला. टक. मग शांतता. मग पुन्हा टक, टक. भिंतीपलीकडच्या माणसाने बोटाच्या सांध्याने वाजवावं तसं, घाई नसलेलं. मध्ये थांबून, पलीकडून उत्तर येतंय का बघत असल्यासारखं. उठावंसं वाटत होतं, पण उठलं तर त्याला कळेल, असा काहीतरी वेडा विचार मनात आला आणि मी तशीच राहिले.

मग केदारनेही गुडघे टेकले आणि कान लावला. उठला तेव्हा तो कपड्यांची माती झटकत राहिला, झटकून झाल्यावरही. "पाणी असेल," तो म्हणाला. "मुरत असेल खाली." आणि मोटरी सुरू करायला तो जवळजवळ पळतच गेला.

शोभा पुढे आली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. टिकाव बाजूला ठेवून ती सासूशेजारी आडवी झाली, गाल मातीला लावून, डोळे मिटून. खूप वेळ. मग ती उठली, टिकाव उचलला आणि बायकांना म्हणाली, "चला, वरची ओळ धरू आज."

संध्याकाळी चुलीपुढे तिने मला विचारलं, "तुमाला आलं ना ऐकू?"

मी हो म्हटलं.

ती भाकरी थापत होती. हात थांबले नाहीत. "त्या केदारलाबी आलं. त्येचा चेहरा बघितला म्या." भाकरी तव्यावर गेली. "मला एकदाबी न्हाई ताई. सुरुवातीला लई येळा गेले. सासूच्या आदी जायचे, सासूच्या मागं जायचे. कान लावून लावून गालाला खडे रुतायचे. मला न्हाईच. आईला वाजवतोय, ठीक हाय, आई हाय. तुमी कोन कुठल्या, तुमाला वाजवतोय. मलाच कावून न्हाई?"

मी म्हटलं, केदार म्हणतो ते खरं असेल, पाणीच असेल.

"पानी असतं तर म्या ऐकलं नसतं का?" ती म्हणाली आणि भाकरी उलटली.

पाऊस

दुसऱ्या दिवशी आभाळ सकाळपासूनच खाली आलं होतं. काचांना सूर्य सापडत नव्हता. त्या सपाट पडून राहिल्या होत्या आणि टेकडीवर करकर नव्हती. त्या राखाडी काचांत ढग सरकत होते, त्यामुळे टेकडीच सरकते आहे असं वाटून मला दोनदा भोवळल्यासारखं झालं. शोभाने ठरवून टाकलं होतं. पाऊस लागायच्या आत चर जोडायचा.

मी तिला म्हटलं, तो तुकडा सोड, तिथे मी वाळा दाट लावते, थोडं तरी पाणी अडेल. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "रोपं धरायला महिना लागतोय, तुमीच सांगितलं."

ते खरंच होतं.

कौसाबाई आज सकाळीच येऊन बसल्या होत्या. शोभाने त्यांच्यापुढे जाऊन दोन्ही बाजूंनी खणायला सुरुवात केली. टिकावाचे घाव त्यांच्या पायांच्या जवळ जवळ येत होते. म्हातारी हलली नाही. बाकीच्या बायकांनी हत्यारं खाली ठेवली. त्यांतली एकजण हळूच म्हणाली, "शोभे, राहू दे." शोभा खणत राहिली. तिच्या अंगावरचा घाम मला तिथून दिसत होता, आणि ती रडत नव्हती, हे जास्त भयंकर वाटत होतं.

मग पाऊस आला. थेंबांची सुरुवात वगैरे नाही, एकदम कोसळलाच. हजारो काचांवर पाऊस पडतो तेव्हा होणारा आवाज मी सांगू शकत नाही. टेकडीभर कुणीतरी वाळू ओततंय आणि ओततच राहतंय. बायका केबिनकडे धावल्या. केदार दारातून हात करत होता. मी अर्ध्या वाटेत मागे वळून पाहिलं. शोभा सासूच्या दंडाला धरून ओढत होती आणि म्हातारी जमिनीला चिकटल्यासारखी बसली होती. मी परत फिरले.

पाणी काचांच्या कडेवरून पडद्यासारखं पडत होतं. वरच्या चरातून लाल गढूळ लोंढा येत होता आणि त्या दोघींच्या अलीकडे, शोभाने नुकत्याच खणलेल्या जागेत, शिरत होता. तो पुढे वाहायला हवा होता. वाहत नव्हता. तिथेच कुठेतरी जात होता. हे माझ्या डोळ्यांना दिसत होतं आणि डोक्यात शिरत नव्हतं.

"आत्या, उठा," शोभा ओरडत होती. "म्या खांदत न्हाई. शपथ घेते, न्हाई खांदत. उठा."

कौसाबाईंनी हात वर करून तिला गप्प केलं. त्या ऐकत होत्या. मग त्यांनी दोन्ही तळहात जमिनीवरून उचलले, पदराला पुसले, आणि आपल्या आपण उभ्या राहिल्या.

"थांबला," त्या म्हणाल्या. "चल."

आम्ही दोघींनी त्यांना दोन्ही बाजूंनी धरलं आणि वर, काचांच्या ओळीबाहेर निघालो. थोडंच गेलो असू. मागे एक खोल, ओला, घशातून यावा तसा आवाज झाला. पायांखालची जमीन एकदा हलली. वळून पाहिलं तर ओळीतले खांब माना टाकल्यासारखे आत कलत होते, एक काच हळूहळू उभी होत होती, आणि कौसाबाई बसल्या होत्या तिथे जमीन नव्हती.

केदारने तिकडची वीज तोडली. आम्ही केबिनमध्ये ओल्या कपड्यांनी बसून राहिलो. कुणीतरी चहा केला. शोभाने सासूचे पाय मांडीवर घेतले होते आणि त्यांना लागलेला चिखल ती हाताने काढत होती, पुन्हा पुन्हा, पाय स्वच्छ झाल्यावरही.

विहीर

सकाळी ऊन पडलं. केदारने खांब रोवून दोरी लावली होती. आम्ही दोरीपाशी उभ्या राहिलो. खाली एक गोल तोंड उघडलं होतं. मातीचा मोठा भाग तळाशी बसला होता, पण भिंती मुरमाच्या, ताठ, आणि त्यांच्यावर टिकावाचे घाव सरळ ओळीत. कालच मारल्यासारखे. खूप खाली पाणी होतं. लालसर, स्थिर, त्यात आभाळाचा तुकडा.

भिंतीच्या एका कपारीत लोखंडी पाटी अडकली होती, पालथी, गंजून काळी झालेली. वरच्या फटीतून तिच्यावर पाण्याचा थेंब पडला. टक. केदारने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर कालपासून पहिल्यांदाच रंग आला. "हेच," तो म्हणाला. "आत पोकळी झाली होती, पाणी झिरपत होतं, पाटी वाजत होती. बघा, किती साधं."

मलाही ते पटलं. अजूनही बरंचसं पटतं. एकाच गोष्टीचा अर्थ मला लावता येत नाही. पाऊस सुरू झाल्यावर तो थेंब वाढायला हवा होता. तो तेव्हाच का थांबला?

दुपारी कंपनीच्या मोठ्या साहेबांचा फोन आला. मुरूम टाकून खड्डा ताबडतोब बुजवा, खांब सरळ करा. केदार फोन कानाला लावून शोभाकडे बघत राहिला. तिने हात पुढे केला आणि फोन घेतला.

"साहेब, म्या गटाची शोभा बोलते," ती म्हणाली. आवाज अगदी शांत होता. "खड्डा न्हाई त्यो, हीर हाय. आमचीच हाय. एकदा बुजवली, ती उघडली. पुन्हा बुजवली तर पुन्हा उघडंल, आन तवा आनखी काचा आत जातील. आमी कडा बांधून घेतो. वरच्या चराचं पानी गाळून आत सोडतो. खालचा बांधबी वाचंल, तुमचे खांबबी वाचतील." पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं. ती ऐकत राहिली. "मशीन पाठवा की. पन मी हीथंच बसलेली असंल," ती म्हणाली आणि फोन केदारला दिला. केदारने तो कानाला लावला आणि आपल्या साहेबांना सांगितलं की तांत्रिकदृष्ट्या बाई म्हणतात ते बरोबर आहे. संध्याकाळपर्यंत निरोप आला, सध्या बुजवू नका, माणूस येऊन बघेल.

निघायच्या सकाळी आम्ही पुन्हा वर गेलो. कौसाबाईंनी घरून कळशी, तांब्या आणि दोर आणला होता. दोरीच्या आत कुणी जायचं नाही असं केदारने बजावलं, मग स्वतःच फळ्या टाकून त्यांना जागा करून दिली. शोभाने कळशी सोडली. वर आली तेव्हा पाणी निवळत होतं. कौसाबाईंनी ओंजळ धरली.

मागे उभ्या बायकांत कुजबुज झाली. एकजण म्हणाली, "आत्या, पिऊ नगा. तिथं..." आणि तिने वाक्य सोडून दिलं.

"त्येनं काढलेलं पानी हाय," कौसाबाई म्हणाल्या. "पाटी भरून येतो म्हनलाता. आला." आणि त्या प्यायल्या. मग शोभा प्यायली. मग तिने तांब्या भरून माझ्यापुढे धरला.

आमच्याकडे कुणाच्याही विहिरीचं पाणी मी कधी नाकारलेलं नाही. पण तो तांब्या मी नुसता हातात धरून ठेवला. तळाशी काय आहे हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. दोघी माझ्याकडे बघत होत्या. आग्रह नव्हता, नुसत्या थांबल्या होत्या. मी डोळे मिटून घोट घेतला. पाणी थंड होतं, मातीची आणि किंचित लोखंडाची चव असलेलं. ती चव जिभेवरून चिपळूणपर्यंत गेली नाही.

बायका खाली उतरायला लागल्या. जीप पाराजवळ येऊन हॉर्न देत होती. मी पिशवी उचलली तेव्हा शोभा फळीवर गुडघे टेकून आत वाकली होती. मला वाटलं, कळशी पुन्हा सोडते आहे. तिने आत तोंड करून हाक मारली.

"अंकुश."

तिच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदा ऐकलं. मागच्या बायकांनीही पहिल्यांदाच ऐकलं असावं, कारण सगळ्या जागच्या जागी थांबल्या. क्षणभर काही नाही. मग विहिरीतून नाव परत वर आलं. शोभाच्या आवाजापेक्षा ते खालच्या पट्टीत होतं, आणि मला वाटलं त्यापेक्षा जरा उशिरा आलं.

शोभा वाकलेलीच राहिली.

"काय म्हनला?" कौसाबाईंनी मागून विचारलं.

शोभा उठली. गुडघ्यांची माती तिने झटकली नाही.

"हाय म्हनला," ती म्हणाली.